तीस सेकंद आणि पंधरा मिनिटे

डिस्क गोल्फ या खेळात चेंडूऐवजी तबकडी फेकतात. साखळ्या लावलेल्या टोपल्यांत ती कमीत कमी फेकींत पोहोचविणारा विजयी होतो. या खेळाचे पहिले कायमचे मैदान १९७५ साली कॅलिफोर्नियातील ओक ग्रोव्ह उद्यानात तयार झाले. अठरा टोपल्यांची फेरी सहसा पायीच पूर्ण करतात. इन्सुलिन घेणाऱ्या मधुमेही खेळाडूची खरी कसोटी या चालण्यातच असते.

श्रम करणारे स्नायू रक्तातील साखर वेगाने शोषून घेतात. त्यात इन्सुलिनच्या परिणामाची भर पडली, की साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. मग हात थरथरतो, घाम सुटतो. ही थरथर स्पर्धेच्या ताणाची की साखर उतरल्याची, याचा निर्णय रक्ततपासणीच करू शकते. साखर उतरली असल्यास सुमारे १५ ग्रॅम साखर खाऊन १५ मिनिटांनी पुन्हा तपासावे लागते. उलट, पाळी आल्यावर खेळाचा नियम ३० सेकंदांचाच अवधी देतो. म्हणूनच खेळण्यापूर्वी तपासणी, खिशात साखर आणि लक्षणे दिसण्याआधीच अल्पाहार, ही तयारी अत्यावश्यक ठरते.

क्रिकेटपटू वसीम अक्रम यांचा मधुमेह १९९७ साली उघडकीस आला. तरीही ते २००३ पर्यंत आंतरराष्ट्रीय सामने खेळले. रोगाचे हिशेब चोख ठेवले, तर मैदान सोडावे लागतेच असे नाही.