तुम्हाला सवय असते

माझ्या हाताखाली तयार झालेली एक मुलगी गेल्या महिन्यात जर्मनीला गेली. कोल्हापूरकडच्या बिद्री, मुदाळ तिट्टा आणि त्या पलीकडच्या गावांत घरोघर फिरून, कॅन्सरच्या शेवटच्या टप्प्यातल्या माणसांची शुश्रूषा करायची ती. मॉर्फिन किती द्यायचं, कधी वाढवायचं, जखमेत अळ्या पडल्या तर काय करायचं, नवरा आता फार दिवस काढणार नाही हे बायकोला कोणत्या शब्दांत सांगायचं, हे सगळं तिला येत होतं. महाराष्ट्र सरकारनं फेब्रुवारी २०२४ मध्ये जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल माणसं पाठवण्याचा करार केला आणि त्यात नर्सेसही आहेत. ती त्या वाटेनं गेली की स्वतःच्या खटपटीनं, हे मी विचारलं नाही. तिचे वडील म्हणाले, "पगार बरा हाय, म्हून चाललीया." पगार खराच. पण मनानं ती २०२१ च्या उन्हाळ्यातच या कामातून उठली होती, आणि ते मी समोर उभी राहून पाहिलं आहे.

माझी नोकरी त्याच्या कितीतरी आधीची. मिरजेला नर्सिंग शिकले, मग मेडिकल वॉर्ड, सर्जिकल वॉर्ड, नाइट ड्यूट्या, सलाईन, रजिस्टरं. त्या वर्षांबद्दल लिहिण्यासारखं फार नाही. वॉर्ड बरं होणाऱ्यांसाठी असे. जो बरा होणार नाही त्याच्या नातेवाइकांना 'आता घरी न्या' म्हणायचं, डिस्चार्ज कार्ड हातात द्यायचं, आणि खाट दुसऱ्याला. अशा माणसांसाठी वांद्र्याचं शांती अवेदना सदन १९८६ पासून होतं, पुण्यात वारज्याला सिप्लाचं केंद्र १९९७ पासून, पण आमच्याकडे त्याचं वारंही पोचलं नव्हतं. १९८५ च्या अमली पदार्थांच्या कायद्यानं मॉर्फिनभोवती परवान्यांचं एवढं जंजाळ उभं केलं होतं की वेदनेनं ओरडणाऱ्या माणसाला द्यायला आमच्या कपाटात ते नसायचंच.

केरळनं २००८ मध्ये पॅलिएटिव्ह केअरचं, म्हणजे बरं न होणाऱ्यांच्या शुश्रूषेचं, धोरण आणलं, महाराष्ट्रानं २०१२ मध्ये. २०१४ मध्ये तो अमली पदार्थांचा कायदा दुरुस्त होऊन मॉर्फिन थोडं सुटं झालं. २०१२ ते २०२२ ही माझ्या नोकरीतली खरी दहा वर्षं. आम्ही प्रशिक्षण घेतलं आणि गाडी घेऊन गावात जायला लागलो. गळीत हंगामात उसाच्या ट्रॉल्यांमागं गाडी अडकायची, तेव्हा औषधांची पेटी मांडीवर घेऊन बसायचं.

एका घरातली आजी अजून डोळ्यांसमोर आहे. जन्मभर मिश्री लावलेली, गालाचा कॅन्सर बाहेर फुटलेला. वासामुळे घरच्यांनी तिची खाट गोठ्याच्या बाजूला टाकली होती आणि सून नाकाला पदर लावून भाकरी ठेवून जायची. आम्ही जखम धुतली, टर्पेंटाइननं अळ्या काढल्या, मेट्रोनिडाझोलच्या गोळ्या कुटून त्यांची पूड जखमेवर भुरभुरली. मॉर्फिनची गोळी दर चार तासांनी, रात्री झोपताना दुप्पट, आणि सोबत पोट साफ होण्याचं औषध. हे सगळं सुनेला शिकवलं. काही दिवसांत वास मरला आणि आजीची खाट परत माजघरात आली. ती गेली तेव्हा नातीच्या मांडीवर डोकं होतं. त्या मुलीनं, जी आता जर्मनीत आहे, ते सगळं शेजारी बसून पाहिलं होतं. परत येताना गाडीत ती म्हणाली, "मॅडम, हे काम मला जमंल."

आमच्या कामाला महागडी यंत्रं लागत नव्हती. वेळ लागायचा, हात लागायचा आणि घरचं माणूस उशाशी लागायचं. सिसिली सॉन्डर्स आधी नर्स होत्या, मग डॉक्टर झाल्या. लंडनमध्ये त्यांनी १९६७ मध्ये सेंट ख्रिस्तोफर हॉस्पिस सुरू केलं ते शरीराच्या दुखण्याला मनाचं आणि नात्यांचं दुखणं जोडलेलं असतं या समजेवर. आपल्याकडे मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या नर्सेसनी, हल्ल्यानंतर अंथरुणाला खिळलेल्या आपल्या सहकारी नर्स अरुणा शानबाग यांना १९७३ पासून मे २०१५ पर्यंत सांभाळलं, आणि ७ मार्च २०११ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं त्यांच्या वतीनं बोलण्याचा हक्क केईएमच्या कर्मचाऱ्यांचा मानला. सांभाळणारं माणूस हेच नात्याचं माणूस, हे तिथं मान्य झालं.

मार्च २०२० मध्ये वेळ, हात आणि उशाशी घरचं माणूस, या आमच्या कामाच्या तिन्ही गोष्टी एका आठवड्यात काढून घेतल्या गेल्या. जागतिक आरोग्य संघटनेनं ते वर्ष नर्स आणि सुईणींचं म्हणून जाहीर केलेलं, फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्या जन्माला २०० वर्षं झाली म्हणून. घरभेटी बंद झाल्या, आमची गाडी कोविडच्या कामाला गेली आणि आम्हाला कोविड वॉर्डात लावलं. गावाकडून फोन यायचे, "सिस्टर, गोळ्या संपल्यात, काय करू?" एसटी बंद, रस्त्यावर नाकाबंदी. फोनवरून ऐकू येणारं कण्हणं थांबवण्याचं औषध आमच्या कपाटात होतं, आणि ते नेऊन द्यायला आम्हाला सोडत नव्हते. ज्यांनी आमच्यावर विश्वास ठेवून घरातच मरायचं ठरवलं होतं, त्यातले कितीतरी त्या महिन्यांत तडफडून गेले. याबद्दल आजवर कुणी आमची माफी मागितलेली नाही, आणि त्या घरांचीही नाही.

२२ मार्चला आमच्यासाठी थाळ्या वाजल्या. ३ मे रोजी हेलिकॉप्टरमधून देशभरातल्या रुग्णालयांवर फुलं पडली. त्याच सुमारास आमच्यातल्या एकीला घरमालकानं खोली सोडायला लावली, आणि दुसरीला तिच्याच गावच्या वेशीवर अडवलं.

वॉर्डात पीपीई किट घातलं की सहा-सहा तास पाणी नाही, लघवी नाही. पाठीवर मार्करनं नाव लिहायचं, कारण चेहरा कुणाला दिसत नसे. ज्या हातांनी आम्ही माणसाला धीर द्यायचो त्यांवर दोन-दोन ग्लोव्हज. श्वास लागलेल्या माणसाला थोड्या मॉर्फिननं आराम पडतो हे आम्हाला माहीत होतं, पण आमचं ऐकायला कुणाला सवड नव्हती. एका रात्री त्या मुलीनं प्लास्टिकच्या पिशवीत घातलेला मोबाइल एका कामगाराच्या तोंडासमोर धरला होता. पलीकडे पुण्याहून त्याचा मुलगा. बापाला मास्कमुळे बोलता येईना, मुलगा नुसता "आबा, आबा" करत होता. हात भरून आला तरी तिनं फोन खाली घेतला नाही. सकाळी मुलगा पास काढून पोचला तेव्हा बॉडी गुंडाळून झाली होती. केंद्राच्या १५ मार्च २०२० च्या सूचनांत लिहिलेलं होतं की पिशवीची चेन चेहऱ्यापुरती उघडून नातेवाइकांना शेवटचं पाहू द्यावं. तिनं तो कागद वरिष्ठांपुढे ठेवला. "आमच्याकडे तशी पद्धत नाही," एवढं उत्तर मिळालं. मुलगा गेटवरूनच परत गेला.

त्या दिवशी ती रडली, तेव्हा एका मोठ्या माणसानं तिला समजावलं, "तुम्ही तर कॅन्सरवाल्या. तुम्हाला मरणाची सवय असते." हे वाक्य त्या दोन वर्षांत आम्ही फार जणांकडून ऐकलं, डॉक्टरांकडून, शेजाऱ्यांकडून, घरच्यांकडूनही. मला त्याचा आजही संताप येतो. आम्हाला सवय होती ती नीट झालेल्या मरणाची. माणसाला एकटं, तहानलेलं, अनोळखी प्लास्टिकच्या गराड्यात मरू देण्याची सवय आम्हाला कुणी लावली नव्हती, आणि आम्ही ती लावूनही घेणार नव्हतो. अँड्र्यू जेमटन यांनी १९८४ मध्येच नर्सिंगच्या नीतीवर लिहिताना हा ताण ओळखला होता. काय करायला हवं हे नर्सला पक्कं ठाऊक असतं आणि संस्था ते करू देत नाही, त्यातून माणूस आतून मोडतं. इतर वॉर्डांतल्या मुलींना मरणाचा धक्का बसला. आमच्या मुलींना त्याखेरीज दुसरंही कळत होतं, की यातलं पुष्कळ टाळता आलं असतं.

२०२१ मध्ये दुसरी लाट. २१ एप्रिलला नाशिकच्या झाकीर हुसेन रुग्णालयात ऑक्सिजनची गळती होऊन माणसं गेली, त्या रात्री आमच्याकडची प्रत्येक नर्स सिलिंडरचा काटा पाहत बसली होती. राज्यात लाट ओसरली तरी कोल्हापुरात ती जुलैपर्यंत रेंगाळली, आणि महिनाअखेर पंचगंगेचा महापूर आला. जूनमध्ये आशाताईंनी संप केला, सरकारी नर्सेसनीही काम थांबवलं. तेव्हा व्यासपीठावरून सावित्रीबाईंचं नाव घेऊन आम्हाला त्याग शिकवला गेला. सावित्रीबाई १० मार्च १८९७ ला प्लेगच्या रुग्णांची सेवा करता करता गेल्या हे आम्हाला शाळेपासून पाठ आहे. पगार मागणाऱ्या बाईचं तोंड बंद करायला त्यांचं नाव वापरणाऱ्यांनी त्यांचं आयुष्य वाचलेलं नाही.

लाट गेली तशी कोविडसाठी घेतलेल्या कंत्राटी मुलींची गरज संपली. मे २०२२ मध्ये भरतीच बाहेरच्या एजन्सीकडे देण्याविरुद्ध राज्यभरच्या नर्सेसना पुन्हा संपावर जावं लागलं. मी त्यानंतर निवृत्त झाले. आमची गाडी परत मिळाली नाही. ती मुलगी आपल्या स्कूटीवरून जमेल तेवढ्या घरी जात राहिली, पेट्रोल स्वतःच्या खिशातून.

मध्यंतरी तिच्या रुग्णालयात ताणमुक्तीचं शिबिर झालं. दीर्घ श्वास घ्या, कृतज्ञतेची वही लिहा, असं सांगितलं गेलं. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्येच म्हटलेलं आहे की बर्नआउटचा हा थकवा कामाच्या ठिकाणी न सोडवलेल्या ताणातून येतो. शिबिरात तिनं उठून विचारलं, घरभेटीला दुसरी नर्स कधी मिळेल? "तो आजचा विषय नाही," असं उत्तर आलं. जर्मनचा क्लास तिनं त्याच महिन्यात लावला.

जाताना तिनं आपल्या रुग्णांची यादी एका आशाताईच्या हातात दिली. त्या ताई मनापासून करतात, पण त्यांना यातलं शिक्षण कुणी दिलेलं नाही आणि मॉर्फिन त्यांच्याकडे असायचं कारण नाही. म्हणून त्या घरांतले काही जण मला फोन करतात. मी त्यांना कोल्हापूरला जायला सांगते, ते म्हणतात उसाचं बिल आलं की गाडी करतो. मी आरोग्य विभागाला पुन्हा अर्ज केला आहे. तिच्या जागी माणूस नेमा, कायम नेमा, त्याला गाडी द्या, आणि पुढची साथ आली तरी ही भेट बंद होणार नाही असं लेखी द्या.