'गिफ्ट' : भेट, लग्न आणि विष

'गिफ्ट' या शब्दाचा इंग्रजीतील अर्थ भेट असा, जर्मनमधील विष असा, तर स्वीडिश, डॅनिश आणि नॉर्वेजियन या भाषांत तोच शब्द नाम असता विष आणि विशेषण असता विवाहित, असे दोन अर्थ देतो. हे केवळ उच्चारसाम्य नव्हे, कारण हे सर्व शब्द जर्मानिक भाषाकुलातील 'देणे' या अर्थाच्या एकाच धातूपासून निघालेले आहेत.

विवाहाचा अर्थ मराठी वाचकाला सहज उमगेल, कारण 'मुलगी कुठे दिली?' या प्रश्नातही विवाह हे देणेच असते. १०६६च्या नॉर्मन विजयापूर्वीच्या जुन्या इंग्रजीत हा शब्द वधूमूल्याला, म्हणजे वधूसाठी वरपक्षाने द्यावयाच्या धनाला लावला जाई आणि त्याचे अनेकवचन लग्न या अर्थी येई. त्याचा उच्चार मात्र 'यिफ्ट' असा होता. आजचा 'ग' आणि भेट हा व्यापक अर्थ इंग्लंडमध्ये वसलेल्या स्कँडिनेव्हियन लोकांच्या नॉर्स भाषेच्या प्रभावातून रुळला. गंमतीचा भाग असा, की खुद्द स्वीडिशमध्ये पुढे 'ग'चा 'य' झाला, त्यामुळे तिथे आज 'यिफ्ट' हाच उच्चार ऐकू येतो.

विषाचा अर्थ वैद्यकातून आला, आणि या शब्दाच्या इतिहासातील हाच सर्वाधिक विचार करण्याजोगा भाग होय. ग्रीक 'डोसिस' म्हणजे देणे. त्यावरून वैद्याने एका वेळी द्यावयाची औषधाची मात्रा. (मराठीत रुळलेला 'डोस' याच शब्दापासून आलेला असून त्याचा मूळ धातू आणि 'दान' यातील संस्कृत 'दा' धातू एकच आहेत.) हा शब्द लॅटिनमार्गे जर्मन भाषकांपर्यंत पोहोचला, तेव्हा त्याच धर्तीवर 'गिफ्ट' या देशी शब्दाला मात्रेचा अर्थ चिकटला आणि घातक मात्रेचे नाव उघडपणे घेण्याचे टाळणाऱ्या सौम्योक्तीतून, म्हणजे अप्रिय गोष्टीला सौम्य नाव देण्याच्या प्रवृत्तीतून, तो विषाचा वाचक झाला. विषासाठी असलेला जुना जर्मन शब्द 'आयटर' मागे पडून आज केवळ जखमेतील पू या अर्थाने उरला आहे, आणि भेटीसाठी जर्मन माणूस 'गेशेंक' म्हणतो, ज्याचे मूळ पेय ओतून देण्याच्या क्रियेत आहे. 'देणे' हा जुना अर्थ जर्मनमध्ये पुरता नाहीसा मात्र झाला नाही. 'मिटगिफ्ट', शब्दशः 'सोबत दिलेले', म्हणजे वधूबरोबर दिला जाणारा हुंडा.

डच भाषेने हा घोळ लेखनातच मिटवला असून तिथे देणगी 'गिफ्ट' आणि विष 'गिफ' असे प्रायः वेगळे लिहिले जाते.