शेलमधील फाइलनाव-पूर्ती आणि विशेष चिन्हे

फाइलनाव-पूर्ती ही कमांड-लाइन शेलमधील एक सुविधा आहे. फाइलनावाची सुरुवातीची अक्षरे लिहून टॅब कळ दाबली, की शेल उरलेले नाव स्वतः भरतो. नावात रिकामी जागा, कंस, $, & किंवा * यांसारखी चिन्हे असल्यास ती आज्ञेचा भाग म्हणून वाचली जाणार नाहीत, याची तजवीजही या सुविधेला करावी लागते.

पार्श्वभूमी

युनिक्समध्ये / हे चिन्ह आणि शून्य मूल्याचा बाइट वगळता कोणताही बाइट फाइलनावात चालतो. शेल मात्र रिकाम्या जागेवरून शब्द वेगळे करतो, * वरून अनेक नावे जुळवतो आणि ; आढळताच आज्ञा संपली असे मानतो. त्यामुळे ‘जमा खर्च’ ही फाइल पुसताना नाव जसेच्या तसे लिहिल्यास शेल ‘जमा’ आणि ‘खर्च’ अशी दोन नावे पुढे पाठवतो. त्या नावांच्या फाइली अस्तित्वात असल्यास त्याच पुसल्या जातात. मूळ फाइल तशीच राहते.

बॅशमधील पद्धत

१९८९ मध्ये प्रथम प्रसिद्ध झालेला बॅश हा शेल विशेष चिन्हापूर्वी बॅकस्लॅश घालतो. जुळणारी फाइल एकच असल्यास ‘जम’ लिहून टॅब दाबल्यावर जमा\ खर्च असे नाव उमटते. सुरुवात दुहेरी अवतरणचिन्हाने केली असल्यास "जमा खर्च" असे नाव भरून अवतरण बंद केले जाते. दुहेरी अवतरणातही $ चा विशेष अर्थ कायम राहत असल्याने तेथे त्याच्यापूर्वी बॅकस्लॅश लागतो.

$ हे नावातील अक्षर आहे की शेलमधील चलाची खूण, हे ठरवणे अवघड असते. बॅशच्या ४.२ या आवृत्तीत चलाने सुरू होणारा मार्ग पूर्ण करताना $ पूर्वी बॅकस्लॅश येऊन मार्ग निरुपयोगी होत असे. त्यावर उपाय म्हणून ‘डायरएक्स्पांड’ हा पर्याय नंतर देण्यात आला.

मर्यादा

- या चिन्हाने सुरू होणारे नाव शेलसाठी साधेच असते. परंतु आज्ञा त्याला पर्याय समजते. येथे अवतरणचिन्हांचा उपयोग होत नाही. नावाआधी ./ लिहिल्यास ही अडचण टळते.

देवनागरी नावे

यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरी अक्षराच्या प्रत्येक बाइटचे मूल्य १२८ किंवा अधिक असते, तर शेलची विशेष चिन्हे १२८ पेक्षा कमी मूल्यांची असतात. म्हणून देवनागरी अक्षरांपूर्वी बॅकस्लॅश लागत नाही. दोन शब्दांमधील रिकाम्या जागेपूर्वी मात्र तो लागतो.