४२.३४ मीटरवरचा आवाज

मुलांनो, घरातल्या माळ्यावर एखादा जुना ट्रान्झिस्टर धूळ खात पडलाय का? असला तर खाली काढा. नवे सेल घाला, एरियल पूर्ण वर ओढा आणि रात्री जेवणं झाली की गच्चीवर किंवा अंगणात जाऊन बसा. (घरात एलईडी दिवे आणि मोबाइलचे चार्जर फार खरखर करतात, बरं का!) आता बटण शॉर्टवेव्हवर ठेवून काटा अगदी हळूहळू फिरवा. आधी खरखर येईल, मग एक शिट्टी, आणि मध्येच कुणीतरी अनोळखी भाषेत बोलू लागेल. कोण असेल बरं हा? कुठून बोलत असेल?

हे शोधून काढण्याचा एक छंदच आहे. त्याला म्हणतात 'डीएक्सिंग'. तारायंत्रवाल्यांच्या लघुभाषेत 'डीएक्स' म्हणजे लांबचं अंतर. पृथ्वीभोवती खूप उंचावर विद्युतभारित हवेचे थर आहेत. शॉर्टवेव्हच्या लहरी त्यांवर आपटून परत खाली येतात, पुन्हा वर जातात. अशा टप्पे खात खात त्या हजारो किलोमीटर जातात. दिवसा उन्हामुळे तयार होणारा खालचा थर बऱ्याच लहरी गिळून टाकतो. रात्री तो नाहीसा होतो, म्हणून लांबची केंद्रं रात्री जास्त ऐकू येतात.

पण काही केंद्रं मुद्दाम आपला पत्ता लपवतात. त्यांना परवाना नसतो. १९६४ साली इंग्लंडच्या किनाऱ्यापासून दूर समुद्रात एक जहाज उभं राहिलं आणि त्यावरून 'रेडिओ कॅरोलाइन' गाणी ऐकवू लागला. अशा केंद्रांना 'पायरेट' म्हणजे चाचे रेडिओ असं नाव पडलं.

आपल्याकडे मात्र त्याच्याही बावीस वर्षं आधी एक चोरटं केंद्र बोलत होतं, आणि ते गाण्यांसाठी नव्हतं.

८ ऑगस्ट १९४२ ला मुंबईत गवालिया टँक मैदानावर 'छोडो भारत'चा ठराव झाला. दुसऱ्या दिवशी पहाटेच गांधीजी आणि इतर पुढारी पकडले गेले. वर्तमानपत्रांवर बंधनं आली. आपल्याच भागाचं पाहा. आजचा सांगली जिल्हा बराचसा तेव्हा सातारा जिल्ह्यातच होता. सप्टेंबर १९४२ मध्ये तासगाव, वडूज, इस्लामपूरच्या कचेऱ्यांवर मोर्चे गेले. वडूज आणि इस्लामपूरला गोळीबार झाला, माणसं हुतात्मा झाली. अशा बातम्या लोकांपर्यंत पोचायच्या कशा?

तेव्हा मुंबईत उषा मेहता नावाची बावीस वर्षांची विद्यार्थिनी पुढे आली. विठ्ठलदास खाकर, चंद्रकांत झवेरी असे साथीदार मिळाले. राममनोहर लोहिया पाठीशी होते. २७ ऑगस्टला 'काँग्रेस रेडिओ' ४२.३४ मीटरवर बोलू लागला. कुठून? तर भारतातल्या कुठल्यातरी ठिकाणाहून! याहून जास्त पत्ता ते सांगत नसत. (गणित करून पाहा: ३०० ला मीटरने भागलं की मेगाहर्ट्झ मिळतात. ३०० भागिले ४२.३४ म्हणजे सुमारे ७.०९.) दाबून टाकलेल्या बातम्या या रेडिओने सांगितल्या. विदर्भातल्या आष्टी-चिमूरच्या त्यांत होत्या.

पोलीस मागावर होतेच. म्हणून ही मंडळी वारंवार जागा बदलत.

लपलेलं केंद्र सापडतं तरी कसं? हा प्रयोग तुम्हीही करा. ट्रान्झिस्टरच्या आत मिडियम वेव्हसाठी एक काळी कांडी असते. तिचं टोक केंद्राच्या दिशेला आलं की आवाज सगळ्यात बारीक होतो. समजा, साताऱ्याच्या मुलाने आणि सांगलीच्या मुलीने एकाच दिवशी, भर दुपारी, एकच केंद्र लावलं. ट्रान्झिस्टर गोल फिरवत आवाज कुठे बारीक होतो ते पाहिलं आणि नकाशावर आपापल्या गावातून त्या दिशेची रेघ मारली. साताऱ्याची रेघ सरळ पूर्वेला गेली, सांगलीची ईशान्येला. जिथे त्या एकमेकींना छेदतील, तिथे केंद्र! कदाचित सोलापूर असेल. एका रेघेने काही कळत नाही, दोन हव्यात.

१२ नोव्हेंबर १९४२ ला पोलिसांनी छापा घातला. जेमतेम अडीच महिने चाललेला रेडिओ बंद पडला. उषाताईंना चार वर्षांची शिक्षा झाली. पुढे त्या प्राध्यापक झाल्या. १९९८ साली त्यांना पद्मविभूषण मिळालं.

आंबोलीच्या घाटात तुम्ही सहलीला गेला असाल. १९५५ साली तिथल्याच जंगलातून वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो गोव्याच्या मुक्तीसाठी असाच गुप्त रेडिओ चालवू लागले. पुढे तो कॅसलरॉकला हलला आणि १९६१ च्या डिसेंबरात गोवा मुक्त होईपर्यंत बोलत राहिला. मुक्तीच्या दिवशी दोघांनी विमानातून पणजीवर फिरत ध्वनिक्षेपकावरून ती बातमी सांगितली!

आता एक नवल ऐका. काँग्रेस रेडिओवर काय बोललं गेलं, हे आज आपल्याला बरंचसं कळतं ते कुणामुळे? त्याला पकडायला निघालेल्यांमुळेच! सरकारची माणसं ते ऐकून उतरवून घेत. ते कागद दप्तरात टिकले. ज्यांनी दारं लावून, आवाज बारीक करून ऐकलं, त्यांना तसं लिहून ठेवणं धोक्याचं होतं. तेव्हा दहा वर्षांची असलेली मुलं आज नव्वदी ओलांडून गेलीत. त्यांच्या कानांत काय होतं, ते विचारायला आता फार थोडे दिवस उरलेत.

म्हणून या छंदाचा पहिला नियम: ऐकलं की लिहा. एक वही करा. तारीख, वेळ, मीटर, भाषा, काय ऐकलं आणि आवाज कसा होता (पाचपैकी गुण द्या). केंद्राचं नाव कळलं तर हा अहवाल त्यांना पाठवा. बरोबर ठरला तर काही केंद्रं 'क्यूएसएल' नावाचं सुंदर कार्ड पाठवतात. पण स्वतः प्रक्षेपण करू नका हं! परवान्याशिवाय ते करणं गुन्हा आहे.

आई-बाबांनो, एक रात्र तुम्हीही मुलांबरोबर बसा. आणि मुलांनो, वहीचं पहिलं पान मात्र कोरं ठेवा. आजी-आजोबांना, पणजी-पणजोबांना विचारा, "तुम्ही रेडिओवर सगळ्यात लांबचं काय ऐकलंत?" ते जे सांगतील, ते त्या पानावर उतरवा. अगदी त्यांच्याच शब्दांत.