चांदमारीचा हिशेब

माघ वद्य नवमीला उमरठ येथे नरवीर तानाजी मालुसरे यांच्या समाधीपाशी माणसे जमतात. १६७० साली सिंहगडावर पडलेल्या या वीराच्या शौर्याविषयी आपण भरभरून बोलतो. शस्त्र हाताळण्यास जी शिस्त लागते तिच्याविषयी मात्र क्वचितच. महाड-पोलादपूरच्या या डोंगराळ टापूने फौजेला पिढ्यान्पिढ्या माणसे पुरविली. महाड तालुक्यातील एक गाव तर ‘फौजी आंबवडे’ या नावानेच ओळखले जाते. अशा प्रदेशातील विद्यार्थ्याच्या हाती आज पहिली बंदूक येते ती बहुधा राष्ट्रीय छात्रसेनेत. ती पहिली गाठ कशी पडते, याचा विचार म्हणूनच अगत्याचा आहे.

१९४८ च्या कायद्याने स्थापन झालेल्या छात्रसेनेत ०.२२ रायफलीने २५ मीटरवरून नेमबाजीचा सराव होतो. छात्र पालथा पडून मोजकी काडतुसे उडवितो आणि पुढच्या तुकडीला जागा करून देतो. अखेरीस रिकाम्या पुंगळ्या एकूण एक मोजून घेतल्या जातात. ते योग्यच आहे. परंतु विद्यार्थी तेथून काय शिकून गेला, याचा हिशेब सहसा कोणी मागत नाही. ज्याचा हिशेब द्यावा लागतो त्याचीच काळजी घेतली जाते, हा अर्थव्यवहाराचा नियम चांदमारीलाही लागू पडतो.

सुरक्षितता म्हणजे दरडावणे, असा एक समज रूढ आहे. वस्तुतः भ्यालेला विद्यार्थी हाच अधिक धोक्याचा असतो. काडतूस अडकले तर प्रश्न विचारण्याऐवजी तो गोंधळून मागे वळतो आणि त्याच्याबरोबर नळीही वळते. बंदूक नेहमी भरलेलीच समजावी, नळी नेहमी सुरक्षित दिशेस असावी, नेम धरेपर्यंत बोट चापावर नसावे, लक्ष्य व त्यामागे काय आहे ते ओळखावे, हे नियम घोकून अंगी बाणत नाहीत. रिकाम्या रायफलीवर पुनःपुन्हा केलेल्या सरावानेच ते हातात मुरतात. या सरावास एकही काडतूस लागत नाही. म्हणजे येथे खर्चाची सबबही उरत नाही. नामांकित नेमबाजदेखील असा कोरडा सराव नित्य करतात.

डोंगराळ मुलखात आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावयास हवी. ०.२२ ची लहानशी गोळीही सुमारे दीड किलोमीटर जाऊ शकते. लक्ष्यामागे मातीचा भक्कम बांध, लाल निशाण आणि वाटांवर पहारा नसेल, तर काटकसरीची किंमत रानात लाकूडफाट्यास गेलेल्या एखाद्या बाईला मोजावी लागेल. एकाच्या बचतीचा भार दुसऱ्याने वाहावा, याला बचत म्हणत नाहीत. कानांचेही तसेच. मोठ्या रायफलीचा आवाज १४० डेसिबलच्या पुढे जातो आणि त्याने गेलेली श्रवणशक्ती परत येत नाही. कानात घालावयाचे बोळे मात्र अगदी स्वस्त मिळतात.

करावयाचे ते फारसे अवघड नाही. गोळीबारापूर्वी प्रत्येकाची कोरड्या सरावाची परीक्षा व्हावी. तुकडी लहान असावी आणि नवख्या छात्राशेजारी एक शिक्षक असावा. धोका दिसताच ‘थांबा’ असे ओरडण्याचा अधिकार सर्वांत धाकट्या छात्रालाही असावा. थोडक्यात टळलेल्या चुकांची नोंद व्हावी, आणि चूक सांगणाऱ्यास शिक्षा नसावी. अन्यथा चुका घडतच राहतील, केवळ कळेनाशा होतील. शेवटी प्रत्येकास त्याचे लक्ष्यपत्र दाखवून नेम कोठे व का चुकला ते समजावून द्यावे.

एवढा वेळ कोठून आणावयाचा, असे विचारले जाईल. शस्त्र नियम, २०१६ यांनी परवाना मागणाऱ्या प्रौढासही सुरक्षित हाताळणीच्या प्रशिक्षणाची अट घातली आहे. मग विद्यार्थ्याच्या बाबतीतच घाई कशासाठी? अंजली भागवत छात्रसेनेतूनच नेमबाजीकडे वळल्या आणि २००० साली सिडनी ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत पोहोचल्या. प्रत्येक छात्र तेथवर जाणार नाही, हे उघड आहे. तथापि चांदमारीवरून परतताना त्याच्या मनात बंदुकीविषयी ना भीती असावी, ना तोरा. असावी ती केवळ जाण. पुंगळ्यांबरोबर हीदेखील मोजली गेली पाहिजे.