उरलेला रस्सा पुन्हा उकळला, म्हणजे झाले का?

घरी पाहुणे आले, गावात जत्रा भरली, की कोंबडीचा रस्सा ठरलेलाच. पाहुण्याला कमी पडू नये म्हणून तो थोडा जास्तच केला जातो. दुसऱ्या दिवशी मुरलेला रस्सा चवदार लागतो, हेही खरे. पण नीट ठेवला नाही तर याच रश्श्याने घरभर जुलाब-उलट्या सुरू होतात. आणि बचत गटाने जेवणाची ऑर्डर घेतली असेल, तर एका पातेल्यापायी पंगतच्या पंगत आजारी पडते. गटाचे नाव जाते ते वेगळेच.

आधी रस्सा करू. कच्ची कोंबडी नळाखाली जोरात धुऊ नका. धुतल्याने जंतू मरत नाहीत, उलट शिंतोडे ओट्यावर, भांड्यांवर उडतात. जंतू मरतात ते शिजवल्याने. ज्या विळीवर कोंबडी कापली, ती साबणाने घासल्याशिवाय तिच्यावर कांदा-कोथिंबीर चिरू नका. हातही साबणाने धुवा.

१ किलो कोंबडीला हळद, मीठ, आले-लसूण चोळा. तेलावर कांदा परतून कोंबडी टाका, दीड लिटर गरम पाणी घाला आणि शिजू द्या. ही झाली आळणी. लहान मुलांना, म्हाताऱ्या माणसांना यातलीच वाटीभर द्या. भाजलेला कांदा, सुके खोबरे, खसखस, धने यांचे वाटण तेल सुटेपर्यंत परता, कांदा-लसूण मसाला घाला, त्यात कोंबडी आणि आळणी ओतून १० मिनिटे चांगली उकळी काढा. ब्रॉयलर लवकर शिजते, गावरान कोंबडीला तासभर किंवा जास्तही लागतो. तंगडीचा जाड तुकडा मोडून बघा. हाडाजवळ मांस लालसर-गुलाबी दिसले तर अजून शिजवा.

आता मुख्य गोष्ट. आपण म्हणतो, "सकाळी परत उकळू, काही होत नाही." होते, बायांनो. मातीत आणि जनावरांच्या आतड्यात एक जंतू असतो, क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजन्स. तो स्वतःभोवती टणक कवच करून बीसारखा पडून राहतो. हे बी उकळीनेही मरत नाही. रस्सा कोमट झाला की ते जागे होते. साधारण ४५ अंशाच्या उबेत दर १० मिनिटांनी एकाचे दोन होतात, म्हणजे २ तासांत एकाचे ४ हजारांवर. मोठे पातेले झाकून ठेवले की मधला रस्सा कितीतरी तास कोमटच राहतो. वर तर्रीचा थर ऊब धरून ठेवतो.

दुसरा जंतू आपल्या हातावरच्या जखमेतून, नाका-शिंकेतून अन्नात येतो. तो जे विष तयार करतो, ते उकळूनही जात नाही. अशा रश्श्याला वास येईलच असे नाही. त्यामुळे चाखून पाहू नका, वेळ मोजा.

फ्रिज असेल तर जेवणे झाल्याबरोबर रस्सा पसरट भांड्यांत दोन-तीन बोटे खोल इतकाच ओता. भांडी परातीतल्या गार पाण्यात ठेवून अधूनमधून ढवळा. चुलीवरून उतरल्यापासून २ तासांच्या आत रस्सा फ्रिजमध्ये गेलाच पाहिजे, कडक उन्हाळ्यात तासाभरात. ३ दिवसांत संपवा. लागेल तेवढाच काढा, खळखळ उकळी येईपर्यंत ढवळत गरम करा आणि उरला तर परत ठेवू नका. वीज गेली तर फ्रिज उघडू नका. बंद फ्रिज साधारण ४ तास गारवा धरतो. त्याहून जास्त वेळ वीज नसेल तर रस्सा टाकून द्या. कल्हई उडालेल्या पितळी भांड्यात रस्सा ठेवू नका.

फ्रिज नसेल तर रात्रभर रस्सा ठेवूच नका. उशिरा येणाऱ्यासाठी ठेवायचा तर निखाऱ्यावर वाफा निघतील इतका कढत ठेवा. त्यापेक्षा चांगला मार्ग म्हणजे रस्सा नव्हे, मसाला साठवा. खोबरे, खसखस, धने कोरडे भाजून, पाणी न घालता कुटून कोरड्या बरणीत भरा. मग ताजा रस्सा करायला वेळ लागत नाही. ऑर्डर असेल तर आदल्या रात्री मसाला तयार ठेवा, कोंबडी मात्र त्याच दिवशी शिजवा.

एवढे करूनही कुणाला जुलाब लागले, तर १ लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात ६ सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून घोट-घोट पाजा. लहान मूल, गरोदर बाई किंवा म्हातारे माणूस असेल, शौचात रक्त असेल, लघवी कमी झाली असेल, तर वाट न पाहता आरोग्य केंद्रात न्या.

गटाच्या पुढच्या बैठकीत एवढेच ठरवा: ऑर्डरच्या दिवशी पातेले किती वाजता उतरले, हे वहीत लिहिण्याचे काम कोणाचे?