काळ्या मातीवरचं मैदान
मैदान आणि गाव : लेखांक ४

पैनगंगेचा पूल ओलांडला की यवतमाळ जिल्हा संपून आदिलाबाद सुरू होतो. राज्य बदलतं, पण बेला, जैनथ या मंडळांतल्या कित्येक घरांत मराठीच बोलली जाते. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत आदिलाबादचे किनवट आणि राजुरा तालुके मराठी मुलखाला जोडले गेले. यात्रेतल्या कुस्त्या मात्र सीमेच्या दोन्ही बाजूंना चालू राहिल्या.

या कुस्त्यांकडे केवळ करमणूक म्हणून पाहू नये. फडासाठी लोकवर्गणी निघते, तरुण पोरं माती खणून भुसभुशीत करतात, जाणती माणसं वजन आणि वकूब पाहून जोड लावतात. नारळाच्या कुस्तीपासून मानाच्या शेवटच्या कुस्तीपर्यंत कोणतं काम कोणाचं, हे गावाला पाठ असतं. म्हणून तो फड वर्षानुवर्षं टिकतो.

आता मैदानांकडे वळू. आदिलाबाद शहरात इंदिरा प्रियदर्शिनी स्टेडियम आहे, राज्याची क्रीडाशाळाही आहे. गावोगावी मैदानं व्हावीत म्हणून २ जून २०२२ रोजी तेलंगणा क्रीडा प्रांगण योजना सुरू झाली. जागेचा हिशेब सोपा आहे. खो-खोला २७ बाय १६ मीटर, पुरुषांच्या कबड्डीला १३ बाय १०, व्हॉलीबॉलला १८ बाय ९ मीटर जागा लागते. भोवतीची मोकळी जागा धरली तरी ही तिन्ही मैदानं अर्ध्या एकरात, म्हणजे सुमारे २,००० चौरस मीटरमध्ये बसतात.

खरी अडचण मातीची आहे. ज्या रेगडीत इथला कापूस पिकतो, ती पावसात फुगून चिकट होते आणि उन्हाळ्यात भेगाळते. अशा जमिनीवर नुसत्या रेषा आखून भागत नाही. वरचा थर काढून मुरूम दाबावा लागतो, पाणी वाहून जाईल असा उतार द्यावा लागतो, कडेने चर खणावे लागतात. दर पावसाळ्यानंतर गवत काढून रोलर फिरवावा लागतो. उद्घाटनाची पाटी एकदाच लागते. मुरूम आणि रोलर यांचा खर्च मात्र दरवर्षीचा असतो.

हे काम समाजाने अंगावर घेतलं की काय घडतं, ते अमरावतीने दाखवलं आहे. तिथे १९१४ मध्ये वैद्य बंधूंनी सुरू केलेल्या आखाड्यातून श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ उभं राहिलं आणि १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी त्याच्या पथकाने तिथे भारतीय खेळांची प्रात्यक्षिकं केली. तेलंगणातल्याच निझामाबादची निखत झरीन आधी धावपटू म्हणून सराव करायची. तीच २०२२ मध्ये इस्तंबूलला मुष्टियुद्धाची जगज्जेती झाली. लहान शहरातल्या मुलीला घराजवळ धावायला जागा मिळणं किती मोलाचं असतं, हे यावरून कळावं.

म्हणून प्रत्येक मैदानाला गावातली समिती हवी, देखभालीसाठी दरवर्षी वेगळी तरतूद हवी आणि मुलींच्या सरावाची वेळ राखीव हवी. फडाची माती तयार करायला आपण कोणाच्या आदेशाची वाट पाहत नाही. मैदानासाठीही पाहू नये. गावाचा अभिमान अशा कामातूनच उभा राहतो.

(पुढील लेखांकात : गावातल्या मैदानाची समिती कशी असावी?)